लिलाबाई थायलंडात, देवमन किन्हीराजात

वऱ्हाडात पंगतीला बसलेल्या माणसाची पहिली 'नाही' कोणी ऐकून घेत नाही. तो ताटावर दोन्ही हात आडवे धरतो, "झालं माहं, झालं माहं" म्हणतो, आणि वाढणारी बाई त्याच्या बोटांच्या फटीतून पोळी सोडून मोकळी होते. दुसरी 'नाही' जराशी ऐकतात. तिसऱ्यांदा म्हटलं तर समजतात, की हो बाप्पा, याचं पोट भरलं. आणि जो पहिल्याच खेपेला 'वाढा' म्हणतो त्याला मागून हावरट म्हणतात. असा हा कायदा. कुठं छापलेला नाही, पण किन्हीराजात जन्मलेल्या पोराला तो आईच्या दुधातून मिळतो.

देवमन अंभोरे या कायद्याचा पक्का माणूस. जन्मभर एसटीची गाडी चालवली, मालेगाव, कारंजा, अकोला असा रस्ता घासला, पण कोणाच्या घरी दोनदा नको म्हटल्याशिवाय चहाचा कप हातात घेतला नाही. लिलाबाईनं त्याच्याशी सगळा संसारच या हिशेबानं केला. "जेवता का?" "नाही, भूक नाही." की ताट समोर आलंच. "दवाखान्यात जाता का?" "कायले? काही झालं नाही मले." की ही पायात चप्पल घालून दारात उभी. त्यानं नाही म्हणायचं, तिनं ते कानाआड करायचं, आणि दोघांचं बरं चाललं होतं.

मागच्या वर्षी होळीच्या आधी लिलाबाई गेली. तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याच्या आत बाई संपली. त्या दिवसापासून देवमनची 'नाही' जो तो खरी मानायला लागला, आणि घोळ झाला तो तिथंच.

पोरगा एकच, उत्कर्ष. पुण्यात कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, बायको सुकेशनी, आठ वर्षांची पोरगी रेणू. लिलाबाईला एक नाद होता. विहारात कोणीतरी एकदा देशोदेशीच्या बुद्धमूर्तींचं कॅलेंडर लावलं होतं. ते वर्ष सरलं तसं तिनं ते मागून घरी आणलं आणि पानं उलटत बसायची. "हे कुठं असन हो?" असं विचारायची. देवमन म्हणायचा, "लांब." "किती लांब?" "कारंजाच्या पुढं." मग दोघंही हसायची. ती स्वतः नागपूरच्या दीक्षाभूमीपलीकडं कधी गेली नाही. उत्कर्षनं लहानपणापासून हे पाहिलेलं. आई गेल्यावर त्यानं कंपनीतून लांब सुट्टी घेतली, रेणूचं नाव तिच्या शाळेतून काढून संगणकावरच्या शाळेत घातलं, आणि ठरवलं, की आईचे सगळे देश पाहायचे. आधी बोधगया, सारनाथ, कुशीनगर, मग लुंबिनी, मग श्रीलंका आणि तिथून पुढं पाय नेतील तिकडं.

निघायच्या आधी तो गावी आला. ओसरीत बसून म्हणाला, "बाबा, तुम्ही पण चला आमच्यासोबत."

देवमन खाली जमिनीकडं पाहायला लागला. जायचं होतं त्याला. लिलानं बोट ठेवलेली एकेक मूर्ती पाहायची होती. पण पहिल्या आग्रहाला हो म्हणतात का कुठं? तो म्हणाला, "मी कायले? माहे गुडघे नाही चालत. अन् वावराकडं कोन पाह्यन?" आणि वाट पाहत बसला.

उत्कर्ष म्हणाला, "ठीक आहे बाबा. तुमची इच्छा. जबरदस्ती नाही."

तुमची इच्छा! अरे, काय बोलणं आहे हे? बापाला असं बोलतात? पंधरा वर्षं पुण्याचं पाणी प्यायलं, की माणूस 'नाही'चा अर्थ 'नाही' असा लावतो काय? सुकेशनी आतून म्हणालीसुद्धा, "अजून एकदा विचारा ना मामाजींना." पण उत्कर्ष म्हणाला, "त्यांच्या मनाविरुद्ध नको." देवमन बाजेवर पडून हे सगळं ऐकत होता. त्याचं मन कुठं आहे ते त्या घरात एका माणसाला कळायचं, आणि तो माणूस भिंतीवर फ्रेममध्ये होता.

जाताना ती फ्रेमही गेली. जलदानाच्या, म्हणजे तिच्या दिवसकार्याच्या वेळी मालेगावच्या स्टुडिओतून मोठा करून आणलेला, निळ्या लुगड्यातला फोटो. उत्कर्ष म्हणाला, "आईला सोबत नेऊ का?" देवमन म्हणाला, "ने न, तिचंच त फिरनं हाये." भिंतीवर खिळा उरला.

मग मोबाईलवर फोटो यायला लागले. बोधिवृक्षाखाली लिलाबाई. लुंबिनीच्या तळ्याकाठी लिलाबाई. समुद्रातल्या बोटीत रेणूच्या मांडीवर लिलाबाई, आणि फ्रेमच्या काचेत समुद्राचं पाणी. देवमन चष्मा पुसून पुसून पाहायचा. बायको सगळ्या आशिया खंडात फिरत होती आणि तो घरी भांडी घासत होता. तीन महिन्यांची बोली होती, ती सहावर गेली आणि सहाच्या पुढंही गेली. दर वेळी उत्कर्ष म्हणायचा, "बाबा, अजून थोडं राहिलंय, थांबू ना?" आणि देवमन म्हणायचा, "थांबा न, मले काय झालं? सवडीनं या."

हे फोटो पाहायला एक बाई न चुकता यायची. हिरीबाई. गावाशेजारच्या बंजारा तांड्यावरची. लिलाबाई आणि ती तरुणपणापासून जोडीनं निंदणाला, सोंगणीला जायच्या. एकीची भाकर दुसरीच्या फडक्यात. हिरीबाई ओसरीच्या पायरीवर टेकायची आणि विचारायची, "आज कुठं पोचली माही बहीन?"

"श्रीलंकेत. अनुराधापूर."

"खायाले काय देतेत तिथं?"

"भात. नारळ टाकलेलं कालवन."

"मंग तिले नाही जमत असन. तिले कळन्याची भाकर लागे." असं म्हणून ती काचेतल्या लिलाबाईवर बोट फिरवायची आणि फोटो एकदम मोठा होऊन नुसतं लुगड्याचं निळं दिसायचं. मग देवमननं तो परत लहान करून द्यायचा. रोजचं.

हिरीबाईचं घरही रिकामंच होतं. पोरगा बबलू आणि सून मंजू दसरा झाला की ऊस तोडायला जायची, तिकडं सांगलीकडं, ती होळीच्या सुमाराला परत. "माहेबी गेले न फिराले," ती म्हणायची, "ऊसाची यात्रा करून राह्यले." पण एक होतं. बबलूचा फोन आला की ही बाई पहिलं वाक्य बोलायची ते असं, की अर्ध्या रस्त्याला ऐकू जावं. "कवा येता रे? मले करमत नाही. झोप येत नाही. लवकर या!" रोज तेच. देवमनला ते ऐकून कसंतरीच व्हायचं. बाईला काही लाजलज्जा? लेकराच्या जिवाला घोर लावायचा का असा? आपण पाहा, एक शब्द बोलत नाही.

बोलत नव्हता, हे खरं. पण काय होत होतं ते त्याचं त्यालाच माहीत. सकाळ निघून जायची. वावरात चक्कर, हरभऱ्याला डुकरं लागली का ते पाहणं, विहारात झाडझूड. संध्याकाळ मात्र खायला उठायची. गॅसवर खिचडी लावली की शिटी होईपर्यंत बसायला कोणी नाही, शिटी झाल्यावर सांगायला कोणी नाही. एकदा तर त्यानं कमालच केली. चुलीच्या खोलीत उभा राहून स्वतःच मोठ्यानं विचारलं, "जेवता का?" आणि स्वतःच म्हणाला, "नाही, भूक नाही." थोडा वेळ थांबला. ताट आलं नाही. मग दिवा मालवला आणि उपाशीच जाऊन पडला.

माघ सरत आला तसं लिलाबाईचं वर्ष जवळ आलं. वर्षाचं पुण्यानुमोदन विहारात करायचं, वाशीमहून भंतेजींना बोलवायचं, गावाला भोजनदान द्यायचं, एवढं देवमननं मनाशी धरलं होतं. तेव्हा उत्कर्षची माणसं थायलंडच्या उत्तरेला, डोंगरातल्या एका गावात, विहाराच्या शेजारी खोली घेऊन राहत होती. त्याचा फोन आला.

"बाबा, आईचं वर्ष येतंय. आम्ही यायला हवं का?"

हवं का! 'येतो' म्हणायचं सोडून 'यायला हवं का' असं पोरगं विचारतं, तर बापानं काय सांगावं? देवमन म्हणाला, "नाही रे. एवढ्या दुरून कायले? तिथंच करा तिचं. तिथं त लय भंतेजी असतीन."

मग सुकेशनीचा आवाज आला. "मामाजी, तुम्ही एकटे कसं कराल सगळं?"

"एकटा कुठं? सारं गाव हाये न."

झाली दुसरी. आता तिसऱ्यांदा विचारतील, आणि तिसऱ्यांदा विचारलं की आपण म्हणू, "बरं, तुमचं मनच असन त या." देवमननं वाक्य जुळवून ठेवलं, मोबाईल कानाला घट्ट धरला.

"ठीक आहे बाबा," उत्कर्ष म्हणाला. "तुम्ही म्हणता तसं. आम्ही इथल्या विहारात करतो. त्याच वेळी व्हिडिओ कॉल लावू."

"लाव न," देवमन म्हणाला. "चांगलं होईन."

आणि मग या शहाण्या माणसानं काय करावं? विहारात रत्नमालाबाईंनी, म्हणजे महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी विचारलं, "काकाजी, उत्कर्ष अन् मंडळी येऊन राह्यले न?" तर हा म्हणाला, "हो. येनार हायेत." अगदी सरळ तोंडानं. त्याला ते खोटं वाटलंच नाही. त्याच्या मनात मांडे भाजले जात होते. वाटत होतं, पोरगं आपलं रक्त आहे, वरवर 'ठीक आहे' म्हणालं असेल. आईच्या वर्षाला ते राहतंय कुठं? न सांगता येईल. दारात उभं राहील आणि म्हणेल, बाबा, तुमची 'नाही' मला कळत नाही होय? गावभर झालं, देवमनची मंडळी परदेशातून येणार. कोणी रेणूसाठी बोरं राखून ठेवली, कोणी सुकेशनीसाठी साडी काढली.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी देवमन सामान आणायला मालेगावला गेला. डाळ, गूळ, पत्रावळी, भंतेजींना पांघरायला चीवर घेतलं. सगळं अकराच्या आत आटपलं. तरी तो बसस्टँडवर बाकड्यावर जाऊन बसला. विमान नागपूरला उतरतं, नागपूरची जलद गाडी किन्हीराजाला थांबत नाही, मालेगावलाच उतरावं लागतं. ही सगळी गणितं ड्रायव्हर माणसाला पाठ. नागपूरकडून गाडी आली की तो उठून दारापाशी जायचा. उतरणारी माणसं बघायचा. पेटीवाले, पोत्यावाले, कोंबडीवाले सगळे उतरले की परत बाकड्यावर. जुन्या ओळखीच्या एका कंडक्टरनं विचारलं, "कोनाले घ्याले आले?" तर म्हणे, "कोनाले नाही, सहज."

दुपार कलली तेव्हा समोर हिरीबाई उभी. तांड्यावरच्या बायकांसोबत बाजाराला आली होती. तिनं त्याच्याकडं पाहिलं, पिशव्यांकडं पाहिलं, फाटकातून वळणाऱ्या नागपूरच्या गाडीकडं पाहिलं, आणि एक पिशवी उचलून घेतली. दोघं काळीपिवळी जीपमध्ये मागं बसून गावाकडं निघाली. अर्ध्या वाटेवर ती म्हणाली, "सांगतलं होतं का त्याहिले या म्हनून?"

देवमन बाहेर पाहत राहिला.

"देवमनभाऊ, मी तुमाले इचारून राह्यली."

"काय सांगाचं? त्याहिले समजाले नोको का? माय हाये त्याची. मांगून घेतलेलं येनं काय येनं असते?"

"अन् तुमी काय म्हटलं?"

"नोको म्हटलं."

"अगा बाप्पा!" हिरीबाईनं कपाळावर हात मारून घेतला. गाडीतली माणसं वळून पाहायला लागली, पण तिला काय त्याचं. "नोको म्हनाचं अन् स्टँडवर जाऊन बसाचं! पोराले का सपन पडनार हाये? लिला होती, तिले तुमचं पोट वाचता ये. समद्याईले कसं येईन? बोलनाऱ्याची माती इकते भाऊ, नाही बोलनाऱ्याचं सोनंबी इकत नाही. लावा फोन आत्ता."

"आता काय लावाचा? उद्या त कार्यक्रम हाये."

"तरी लावा."

"राहू दे व," देवमन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी विहार भरला. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, बाहेर मांडवात वरणाला फोडणी बसलेली. भंतेजी आसनावर बसले आणि त्यांनी विचारलं, "घरचे कोण कोण आहेत? पुढं येऊन बसा."

देवमन एकटा पुढं जाऊन बसला. मागं कुजबुज झाली. रत्नमालाबाईंनी वाकून विचारलं, "काकाजी, मंडळी?"

"त्याहिचं इमान रद्द झालं," देवमन म्हणाला. "ऐन वेळी."

"अरे अरे," सगळ्यांनी हळहळ केली. आणि तेवढ्यात, पुढं बसताना देवमननं रत्नमालाबाईंच्या हातात दिलेला मोबाईल वाजला. हे ध्यान विसरलंच होतं, की व्हिडिओ कॉल यायचा आहे! बाईंनी बटण दाबून मोबाईल बुद्धमूर्तीच्या पायाशी, फुलांच्या ढिगाला टेकवून उभा केला. लिलाबाईचा फोटो विहारात नव्हताच, तेव्हा तिच्या जागी तोच बसला. काचेत थायलंडचं विहार दिसायला लागलं. सोनेरी खांब, ओळीनं बसलेले भिक्षू, आणि पुढं पांढऱ्या कपड्यात निवांत बसलेली तिघं जणं. उत्कर्ष, सुकेशनी, रेणू. मधे हाराखाली लिलाबाई. विमान रद्द झालेली माणसं अशी बसत नाहीत, हे पोराटोरांनाही कळलं असतं. रत्नमालाबाईंनी मान खाली घातली. देवमनचे कान तापले. सगळ्या गावासमोर उघडा पडला बिचारा, आणि लपायला समोर मूर्तीशिवाय काही नव्हतं.

"आबा!" रेणूनं हात हलवला. त्यानंही हलवला.

त्रिशरण झालं, पंचशील झालं. मग पाणी द्यायची वेळ आली. परातीत पेला ठेवलेला, हातात पाण्याचा तांब्या. गाथा चालू असेपर्यंत बारीक धारेनं पाणी ओतायचं, पेला भरून परातीत सांडेपर्यंत. आपलं पुण्य गेलेल्या माणसाच्या नावानं देऊन टाकायचं. आणि रीत अशी, की ओतणारा एकटा नसतो. घरच्या माणसांनी त्याच्या पाठीला, दंडाला हात लावायचा, त्यांच्या मागच्यांनी त्यांना. म्हणजे ते पाणी सगळ्या घराच्या हातचं होतं. काचेत तसंच होतं. उत्कर्ष ओतत होता, सुकेशनीचा हात त्याच्या खांद्यावर, रेणूचा आईच्या पाठीवर.

"घरच्यांनी हात लावा," भंतेजी सवयीनं म्हणून गेले, आणि थांबले.

देवमननं तांब्या कलता केला. कोणी पुढं व्हावं ते कोणाला सुचेना. घरचे म्हटल्यावर शेजाऱ्यानं कसं उठायचं? मागच्या वर्षी जलदानाला पोरगा पाठीशी होता. आता पाठीवर नुसता सदरा. धार पेल्यात पडेना, परातीतच वाजू लागली. सगळं विहार त्या आवाजाकडं पाहत होतं. भंतेजींनी गाथा सुरू केली तरी तो आवाज ऐकू येतच होता.

मग दाराकडून कोणी तरी माणसं ओलांडत पुढं आलं. हिरीबाई. ती मूर्तीपासून जराशी लांबच उभी राहिली आणि म्हणाली, "मी तांड्यावरची हावो, बाबाजी. मह्या हातानं चालते काय?"

"चालतं, माय," भंतेजी म्हणाले.

हिरीबाई खाली बसली आणि तिनं देवमनच्या पाठीवर हात ठेवला. खरबरीत, वजनदार हात. तिच्या मागं रत्नमालाबाईंनी ठेवला, त्यांच्या मागं आणखी कोणी. पण देवमनला तेवढंच कळलं, की वर्षभरात त्याच्या पाठीला माणसाचा हात लागला नव्हता. कोणी मारलंही नव्हतं त्याला, कोणी थोपटलंही नव्हतं. त्यानं तांब्या खाली ठेवला. गाथा थांबली.

"उत्कर्ष," तो मोबाईलकडं पाहून म्हणाला. "मले करमत नाही रे."

काचेतला उत्कर्ष ओतता ओतता थबकला.

"मले एकट्याले नाही राह्यलं जात. रोटी गोड लागत नाही. मी खोटं बोललो, लेका. गावालेबी खोटं सांगतलं, तुलेबी. तुमी या घरी."

बायकांनी पदर तोंडाला लावले. काल काळीपिवळीत 'राहू दे व' म्हणणारा हा माणूस आज साऱ्या गावासमोर मागत होता, आणि त्याला त्याची लाज वाटायचीही शुद्ध नव्हती.

"बाबा," उत्कर्षचा आवाज आला, "तुम्हीच नको म्हणालात ना."

"म्हटलं. वाटलं, तू आनखी एकदा इचारशीन."

सुकेशनी उत्कर्षकडं पाहत होती. तिनं त्याच्या खांद्यावरचा हात काढला नव्हता. मग तो म्हणाला, आणि या वेळी तो पुणेरी बोलला नाही. "मले माहीत होतं, बाबा."

"काय माहीत होतं?"

"का तुमची पह्यली नाही खरी नसते. मी किन्हीराजाचाच न? मी जानून नाही इचारलं. तुमी 'ये' म्हनसान, याचं भेव वाटे."

"भेव? काहून?"

"घरी आई नाही न, बाबा." तो आता सरळ रडत होता, पोराटोरांसारखा, नाक ओढत. "इथं रोज नवं गाव राह्यते. तिचा फोटो काढाचा, तिले दाखवाचं, हे पाह्य, ते पाह्य. वाटते का ती हाये सोबत. तिथं आलो अन् दार उघडलं, का ती नाही. मले ते दार नाही उघडता येत, बाबा. म्हनून फिरून राह्यलो. मले दुसरं काही नाही सुचत."

देवमनला काय काय बोलायचं होतं. की ते दार मी रोज उघडतो. सकाळी उघडतो, वावरातून आलो की उघडतो, आणि रोज ती नसते. की तुला जे भेव वाटतं त्याच घरात मी निजतो. पण पोरगं रडत होतं, आणि बापाला त्याच्यावर रागावता येईना. पाठीवरचा हात अजून पाठीवर होता. तो गुडघ्यांवर रेटा देऊन पुढं सरकला, मोबाईलच्या अगदी जवळ, इतका की काचेत त्याला नुसतं पोराचं तोंड दिसू लागलं.

"नाही ती घरी," तो म्हणाला. "खरं हाये, लेका. पर मी आहो न."